हातचा एक

परवा रात्री दीड वाजता मी लेकीला हलवून उठवलं आणि विचारलं, "अगं, म्हणजे कर्ज घेतलेलंच नाही?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "नाही आई. एक पैसुद्धा नाही. झोप आता."

झोप कसली! बाहेर मार्गळी महिन्यातली चेन्नईची एवढीशी थंडी (गावाकडे हिला थंडी म्हटलं तर लोक हसतील, इथे मात्र आमचा वॉचमन कानटोपी घालून बसतो), पंखा एकवर, आणि मी छताकडे बघत बेरजा करतेय. अठ्ठावन्नाव्या वर्षी एखादी गोष्ट पहिल्यांदा कळावी आणि ती अशी कळावी की अंगावर काटा यावा, याची सवय राहिलेली नसते हो.

तर झालं असं. तेहतीस वर्षं बँकेत काढून मी निवृत्त झाले आणि डिसेंबरात लेकीकडे तिरुवान्मियूरला राहायला आले. ती जवळच, तरमणीच्या गणितीय विज्ञान संस्थेत संशोधन करते. इथे सगळे त्या संस्थेला मॅटसायन्स म्हणतात, रिक्षावालेसुद्धा. लेक काय करते हे मला कुणी विचारलं की मी "कणांचं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेत असे. पण कणांबद्दल एक गोष्ट मला फार वर्षांपासून खुपत होती. विज्ञानाच्या मराठी लेखांत, भाषणांत, टीव्हीवर, जिथे म्हणून 'आभासी कण' हा शब्द येई तिथे एक ठरलेली कथा येई. पोकळीत कण क्षणभर जन्मतात, त्यासाठी लागणारी ऊर्जा निसर्गाकडून उसनी घेतात आणि निसर्गाच्या लक्षात यायच्या आत परत करून नाहीसे होतात. कण जितका जड, तितकी परतफेडीची मुदत कमी.

आता तुम्हीच सांगा, कर्ज-विभागात बसलेल्या बाईला हे पटेल का? तारण काय? जामीन कोण? आणि संध्याकाळी तेरीज जुळली म्हणून दुपारी कॅश बाहेर गेली होती हे माफ होतं की काय? आमच्याकडे असं करणाऱ्याची चौकशी लागते.

शनिवारी फिल्टर कॉफी पिताना हे मी बोलून दाखवलं. लेक इतकी हसली की डबऱ्यातली कॉफी सांडली. मग म्हणाली, "आई, तुझी शंका बरोबर आहे. ती कथाच ढिली आहे. थांब, कागद दे." कागद म्हणजे मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान. त्याच्या कोऱ्या बाजूवर जे झालं ते मी इथे लिहितेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिने आधी विचारलं, आभासी म्हणजे तुला काय वाटतं? मी म्हटलं, खोटं. "शाळेत वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा शिकलीस ना? आरशातली प्रतिमा आभासी. पडद्यावर पकडता येत नाही. पण बाबा रोज तिच्याकडे बघूनच दाढी करतात. कापलं तर रक्त खरं येतं." बरं, हे ठीक. पण कणाचं काय?

तिने एकच ओळ लिहिली. ऊर्जेचा वर्ग वजा संवेगाचा वर्ग, बरोबर वस्तुमानाचा वर्ग. (प्रकाशाचा वेग एक धरायचा, म्हणजे एककांची भांडणं मिटतात.) संवेग म्हणजे गतीचा जोर, दिशेसकट. प्रत्येक खऱ्या कणाला हा नियम लागू. इलेक्ट्रॉन कुठेही असो, कितीही पळो, ही वजाबाकी केली की त्याचंच ठरलेलं वस्तुमान निघतं. ५११ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट. पॅन नंबरसारखं! पत्ता बदला, नोकरी बदला, नंबर तोच. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, त्याचं वस्तुमान शून्य, म्हणून त्याची ऊर्जा आणि संवेग नेहमी सारखे.

"आता," ती म्हणाली, "एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन घे. पॉझिट्रॉन म्हणजे त्याचा उलट्या विद्युतभाराचा जोडीदार, वस्तुमान तेच. दोघं समोरासमोर, जवळजवळ थांबलेले. एकत्र आले आणि त्यांचा एकच फोटॉन झाला. हिशोब कर."

मी केला. ऊर्जा, ५११ आणि ५११, एकूण १०२२. संवेग, थांबलेत म्हणून शून्य. म्हणजे त्या फोटॉनला ऊर्जा १०२२ आणि संवेग शून्य मिळायला हवा. पण फोटॉनचे तर दोन्ही सारखे असतात ना? मी दोनदा बघितलं. "अगं, हा फोटॉन बसतच नाही नियमात."

"बसत नाही ना? हाच आभासी फोटॉन. आता सांग, ऊर्जा कुणी उसनी घेतली?"

मी पानाकडे बघत राहिले. आत १०२२ आले, फोटॉनला १०२२ मिळाले, पुढे तो मोडून जे निघेल त्याला १०२२ मिळणार. संवेगही प्रत्येक टप्प्यावर जुळतोय. एक पैसुद्धा इकडची तिकडे नाही. चुकलाय तो फक्त पॅन नंबर! फोटॉन म्हणवतोय, पण वजाबाकी शून्य येत नाही. आभासी कण म्हणजे ऊर्जेचा घोटाळा करणारा कण नव्हे. आपल्या वस्तुमानाशी इमान न राखणारा कण. त्यांच्या भाषेत, खरा कण 'मास-शेल'वर असतो, आभासी कण शेलच्या बाहेर.

आणि इथे मला ह्यांचा पेट स्कॅन आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. रिपोर्ट चांगला आला, पण त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी भिंतीवरचा तक्ता शंभर वेळा वाचला होता, की शरीरात सोडलेल्या औषधातून पॉझिट्रॉन निघतात, इलेक्ट्रॉनला भेटतात आणि दोन फोटॉन उलट दिशांना जातात, प्रत्येकी ५११. दोनच का, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. आता एका क्षणात कळलं. एकच निघाला तर संवेग जुळत नाही, म्हणून तो बाहेर पडूच शकत नाही, यंत्रापर्यंत पोचूच शकत नाही. दोन उलटे निघाले की संवेग एकमेकांचे फिटतात आणि दोघांचेही पॅन नंबर बरोबर येतात. यंत्र ज्यांना पकडतं ते खरे. माझ्या नवऱ्याच्या पोटातून निघालेले, शंभर टक्के खरे! मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या मामींनी ग्रिलमधून विचारलं, काय झालं?

आता तो एकटा फोटॉन, आभासी, त्याचं काम काय? तो पुन्हा मोडतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची नवी जोडी होते. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की दोन आले, दोन गेले. पण लेक म्हणाली, दोन आले नि दोन गेले याची आणखी एक वाट आहे. ते एकमेकांत विरून न जाता लांबूनच फोटॉनची देवाणघेवाण करतात आणि दिशा बदलतात. त्याचाही हिशोब कर. समोरासमोर सारख्या वेगाने आले, आदळून सारख्याच वेगाने गेले, फक्त दिशा फिरली. म्हणजे फोटॉनने संवेग नेला, ऊर्जा अजिबात नाही. शून्याचा वर्ग वजा संवेगाचा वर्ग. उत्तर ऋण! वस्तुमानाचा वर्ग उणे! एका वाटेच्या फोटॉनकडे ऊर्जा आहे नि संवेग नाही, दुसऱ्या वाटेच्या फोटॉनकडे संवेग आहे नि ऊर्जा नाही. आणि हे दोन्ही हिशोब लागतात तेव्हा कुठे प्रयोगात मोजलेला आकडा येतो.

"हे पहिल्यांदा कुणी मांडलं माहितेय? तुझ्या मुंबईच्या माणसाने. होमी भाभांनी."

मला भाभा म्हणजे तुर्भे, अणुभट्टी, टपालाचं तिकीट. पण १९३५-३६ मध्ये केंब्रिजला असताना, पंचविशीतल्या या मुलाने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचं गणित केलं आणि दाखवलं की दोघं विरून पुन्हा जन्मण्याची वाटही हिशोबात धरावीच लागते. जगभर आजही त्याला भाभा विकिरण म्हणतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांत किती टकरी झाल्या हे मोजायला हेच विकिरण वापरतात. म्हणजे मोजमापाचा गज आपला!

भाभांवरून गोष्ट चेन्नईत आली, आणि ती मला विज्ञानाइतकीच आवडली. भाभांच्या हाताखाली सुरुवात केलेला एक मद्रासी तरुण, अल्लाडी रामकृष्णन. वडील सर अल्लाडी कृष्णस्वामी अय्यर, मोठे वकील, आणि बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या घटनेच्या मसुदा समितीतले सदस्य. रामकृष्णन १९५७-५८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधन संस्थेत राहून आले, तिथली व्याख्यानं ऐकून झपाटून आले आणि मैलापूरला लझ भागातल्या वडिलांच्या 'एकाम्र निवास'मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना जमवून नव्या भौतिकशास्त्राचं चर्चासत्र सुरू केलं. घरात! १९६० मध्ये नील्स बोर मद्रासला आले तेव्हा या घरी येऊन गेले, मुलांचं काम पाहून प्रभावित झाले, तसं वर्तमानपत्रवाल्यांना बोलले. पंतप्रधान नेहरूंपर्यंत गोष्ट गेली. ३ जानेवारी १९६२ ला, याच मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून शिकून गेलेल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत संस्था सुरू झाली. लेकीची संस्था ती हीच. घटनेचा मसुदा लिहिणाऱ्याच्या घरात पोरं पॉझिट्रॉनचा हिशोब करत बसली होती. काय शहर आहे!

आणि ती पोरं काय करत होती? इथे माझी झोप उडाली.

कारण रात्री जेवताना मी लेकीला चिडवलं की मग तुमचे शास्त्रज्ञ इतकी वर्षं कर्जाची थाप का मारत होते? ती घास हातात धरून गप्प झाली आणि म्हणाली, "थाप नाही गं. जुनी वही आहे."

रिचर्ड फाइनमन यांच्या रेघांच्या आकृत्या १९४८-४९ मध्ये आल्या. त्याआधी हेच गणित वेगळ्या रीतीने करत. त्या रीतीत मधल्या टप्प्यावरचा प्रत्येक कण वस्तुमानाचा नियम पाळतो, पॅन नंबर अगदी बरोबर, पण मधल्या टप्प्याची एकूण ऊर्जा सुरुवातीच्या ऊर्जेशी जुळत नाही. कर्जाची कथा तिथून आली. फाइनमनच्या रीतीत उलट. प्रत्येक सांध्यावर ऊर्जा जुळते, संवेग जुळतो, पण मधल्या कणाचं वस्तुमान बिघडतं. उत्तर? दोन्हीकडे तेच. शेवटच्या अंकापर्यंत तेच. फाइनमनची एक आतली रेघ म्हणजे जुन्या रीतीतल्या दोन नोंदींची बेरीज, एकीत कण आधी निघालेला, दुसरीत प्रतिकण आधी निघालेला. ही एक रेघ उसवून त्या दोन नोंदी वेगळ्या कशा दिसतात, हे १९६० च्या सुमारास याच मद्रासमधून रामकृष्णन, टी. के. राधा आणि आर. थुंगा यांनी एका निबंधात लिहिलं. (राधाबाई पुढे १९६५ मध्ये, ओपेनहायमर संचालक असताना, प्रिन्स्टनच्या त्याच संस्थेत गेल्या. त्या काळी एका मुलीने!)

म्हणजे बघा, व्यवहार एक आणि वह्या दोन. एका वहीत कर्ज दिसतं, दुसरीत दिसत नाही. मग व्यवहारात कर्ज होतं का? ज्या गोष्टीचं असणं-नसणं वही बदलली की बदलतं ती गोष्ट घडलेली नाही, लिहिलेली आहे. हे मला रात्री दीडला लख्ख कळलं, आणि मी पोरीला हलवलं.

आणि मग आठवला हातचा.

सत्तेचाळीस अधिक अडतीस. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. चार नि तीन सात, नि हातचा एक, आठ. पंच्याऐंशी. आमच्या बाई बोट दुमडून ठेवायला सांगायच्या, हातचा विसरू नये म्हणून. आता तो एक कुठे आहे? सत्तेचाळिसात नाही, अडतिसात नाही, उत्तरात दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. आणि विसरलात तर पंच्याहत्तर, नापास. शिवाय दशकापासून, डावीकडून बेरीज करणारा माझा भाऊ, चाळीस नि तीस सत्तर, मग पंधरा, असं करायचा, त्याला हातचा कधी लागलाच नाही. उत्तर तेच.

सकाळी लेकीला हे सांगितलं तर तिने मला मिठी मारली. मग लगेच, संशोधकांची खोड, सावध केलं. हातचा नुसता हातचाच समजू नकोस. या बेरजेत वाटा अनंत असतात, सगळ्यांची आधी बेरीज आणि मग वर्ग, म्हणून यातली नेमकी कुठली वाट घडली असं विचारताच येत नाही. पण बेरजेतली एखादी नोंद वगळली की उत्तर चुकतं, आणि ते मोजता येतं. १९४८ मध्ये ज्युलियन श्विंगर यांनी आभासी फोटॉनची फक्त पहिली नोंद धरली आणि इलेक्ट्रॉनची चुंबकीय शक्ती सरळ हिशोबापेक्षा हजारात एकाहून किंचित जास्त यावी असं काढलं, ०.००११६. मोजली तर तशीच होती. पुढच्या हजारो नोंदी मांडून आता गणित दशांशचिन्हापुढे अकराव्या घरापर्यंत मोजमापाशी जुळतं. अकराव्या! आमची शाखा वर्षअखेरीला दुसऱ्या घरासाठी रात्री अकरापर्यंत बसायची.

पण मला वेड लावलं ते दुसऱ्याच हातच्याने. माझ्या शरीरात, तुमच्याही, पोटॅशियम असतं, केळ्यातून येतं, नारळपाण्यातून येतं. त्यातला एक अल्पसा भाग किरणोत्सारी असतो आणि मोठ्या माणसाच्या अंगात त्याचे दर सेकंदाला चारेक हजार अणू मोडतात. हे वाक्य वाचेपर्यंत तुमचे वीस-पंचवीस हजार गेले. मोडताना बहुतेक वेळा आत एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आणि त्या बदलाच्या आकृतीत मधली रेघ असते डब्ल्यू बोसॉन नावाच्या कणाची. त्या कणाचं ठरलेलं वस्तुमान ऐंशी अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या वस्तुमानातला फरक? तेरा लाख! साठ हजारपट कमी! मी म्हटलं, आता तरी कर्ज लागलं असेल. नाही. ती रेघ तेवढ्याच ऊर्जेत भागवते. फक्त स्वतःच्या पॅन नंबरपासून इतकी लांब, इतकी लांब असते की बेरजेत तिचं वजन अगदी चिमूटभर. म्हणून अशा घटना दुर्मीळ, म्हणून या बलाचं नाव क्षीण बल. सूर्यातही पहिल्या पायरीला, दोन प्रोटॉन जुळताना, हीच रेघ लागते, आणि म्हणूनच सूर्य भडकन न संपता अब्जावधी वर्षं सावकाश जळतोय. जड हातचा, मंद चूल.

खरा डब्ल्यू बघायचा तर त्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. ती मोजली जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत, १९८३ च्या जानेवारीत तो सापडल्याचं जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी कार्लो रूबिया आणि सिमॉन व्हान डर मेर यांना नोबेल मिळालं. जग ज्याला शोधत होतं तो माझ्या अंगात सेकंदाला हजारो वेळा बेरजेत येत होता.

यावर मी शहाणपणाने म्हटलं, मग खरा आणि आभासी यांत भिंत पक्की. लेक म्हणे, तीही नाही! सर्नच्याच सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ पासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळवत. एकूण ऊर्जा वाढवत नेली की झेड नावाच्या कणाचा वाटा हळूहळू वाढतो आणि ९१.२ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला डोंगरासारखा टोकाला जातो. तिथे झेड खरा. पण डोंगराला रुंदी आहे, अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टची, कारण झेड जन्मताच मोडतो आणि अल्पायुषी कणाचं वस्तुमान काटेकोर नसतंच. मग शिखरावरून दोन पावलं खाली, तिथला झेड खरा की आभासी? कुणी रेघ मारून ठेवलेली नाही.

संध्याकाळी बेझंटनगरच्या समुद्रावर गेलो, सुंडल खाल्लं, खोबरं नि कैरी घातलेलं. पाण्यावर एक तारा निघाला होता. लेक म्हणाली, त्या ताऱ्यावर एका इलेक्ट्रॉनने सोडलेला फोटॉन तुझ्या डोळ्यातल्या इलेक्ट्रॉनने घेतला. दोन टोकं, मध्ये रेघ. म्हणजे ही पण आतलीच रेघ झाली. फक्त इतकी लांब, की तिची वजाबाकी शून्यापासून किती सरकली ते कुणालाही मोजता येणार नाही. मी सुंडलचा कागद हातात धरून तशीच उभी. फाइनमनसुद्धा असंच म्हणत, ती म्हणाली, पुरेसा लांबचा काळ धरला तर प्रत्येक खरा फोटॉन आभासीच.

आज पहाटे मामींनी मला त्यांच्याबरोबर कोलम काढायला बोलावलं होतं. तांदळाचं पीठ, ओली जमीन, साडेपाच वाजलेले. त्यांनी ठिपके मांडून त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ फिरवली, इतकी सफाईदार की आमच्या ठिपक्यांच्या रांगोळीला लाज वाटावी. मला म्हणाल्या, तुमच्या दारात तुम्ही काढा. मी भाभांची आकृती काढली. दोन रेघा येतात, मिळतात, मध्ये नागमोडी, मग पुन्हा दोन रेघा सुटतात. मामी कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. ठिपके कुठायत, त्यांनी विचारलं. मी दोन सांध्यांवर दोन ठिपके दिले. त्यांचं समाधान झालं नाही.

नऊला दूध आणायला बाहेर पडले तर मुंग्या लागल्या होत्या. नागमोडी काढताना माझा हात अडखळला होता, पीठ तिथेच जास्त पडलं होतं, आणि त्यांनी नेमकी तीच रेघ उचलून नेली होती. उरल्या होत्या आत येणाऱ्या दोन आणि बाहेर जाणाऱ्या दोन. मामी जिन्यावरून म्हणाल्या, मधलं पुन्हा भरा, अर्धवट दिसतंय. मी म्हटलं, असू दे मामी, आणि लेकीला हाका मारत आत पळाले.